बाबांच्या दहाव्याला मी जहाजावर होतो

प्रश्न : मी न्हाव्याचा. एका बल्क कॅरिअरवर एबी (एबल सीमन) म्हणून काम करतो. गेल्या वर्षी आषाढात बाबा गेले, तेव्हा आमचं जहाज ब्राझीलहून निघून भर अटलांटिकमध्ये होतं. कॅप्टनने बोलावून घेऊन सांगितलं. चुलतभावाने अंत्ययात्रेचा व्हिडिओ पाठवला, पण नेट इतकं मंद की तो अडकत अडकत बघितला. त्याच रात्री बारा ते चारची वॉच केली. साइन ऑफ मिळून घरी पोचलो तेव्हा नवरात्र होऊन गेलं होतं. दहावं, तेरावं, सगळं आटोपलेलं. अग्नी धाकट्या भावाने दिला, पिंडही त्यानेच ठेवले. चार दिवस माणसं येऊन भेटून गेली आणि मग सगळे म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, आता आईला सांभाळ. मी आजतागायत रडलेलो नाही. बाबांची मासे पकडायची पाग पडवीत खिळ्याला तशीच आहे, तिच्याकडे बघूनही आत काही हलत नाही. पण परवा पनवेलच्या एसटी स्टँडवर बाबांसारखा एक पाठमोरा म्हातारा दिसला आणि पायांतलं बळच गेलं. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं वाचलं. मी कुठल्या पायरीवर आहे? सगळ्यांचं दुःख करून झाल्यावर उशिरा केलेला शोक चालतो का, की माझी वेळ निघून गेली? आणि पुढच्या जॉइनिंगला जाऊ की नको?
— एक वाचक, न्हावा

उत्तर : तुमची वेळ निघून गेलेली नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. दूर असलेल्या मुलाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झालेला आहे आणि तो लिहूनही ठेवलेला आहे.

पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय, ज्यांना बाबा पाध्ये म्हणत, त्यांनी 1790च्या सुमाराला ‘धर्मसिंधु’ रचला. महाराष्ट्रातले पुरोहित सुतकाच्या शंकेला आजही त्याचाच आधार काढतात. परगावी असलेल्या माणसाला मृत्यूची बातमी उशिरा कळली तर काय करायचं, हा प्रश्न त्यात आणि त्याआधीच्या ग्रंथांत बारकाईनं हाताळला आहे. दहा दिवस उलटून गेल्यावर कळलं तर इतर आप्तांसाठी सुतक कमी होत जातं; आधी तीन रात्री, मग दीड दिवस, मग एक दिवस, आणि वर्षानंतर कळलं तर नुसती आंघोळ. पण आईवडिलांच्या बाबतीत हा हिशेब लागू नाही. मुलगा कितीही दूर असो, बातमी वर्ष उलटून गेल्यावर येवो, ती ऐकली त्या दिवसापासून त्याचे पूर्ण दहा दिवस सुरू होतात.

मला हा नियम फार मायेचा वाटतो. त्या काळी माणसं काशीयात्रेला जात, मोहिमेवर जात, व्यापाराला जात, आणि निरोप पोचायला महिने लागत. तोवर घरात सगळं पार पडलेलं असे. तरीही, गावाचे दिवस संपले म्हणून मुलाचेही संपले असं कुणी ठरवलं नाही.

तुम्ही म्हणाल, मला तर बातमी त्याच दिवशी कळली होती. कळली होती, बरोबर. पण अडकत चाललेल्या व्हिडिओत बघितलेली अंत्ययात्रा आणि घराच्या उंबऱ्यात पाय ठेवल्यावर बाबांची हाक न येणं यांत फरक आहे. शास्त्र काय म्हणेल ते तुमच्या गुरुजींना विचारा, पण माझ्या मते तुमचे दिवस तुम्ही घरी पोचलात तेव्हा सुरू झाले.

आता रडू न येण्याबद्दल. मन कोरडं पडलं, आपलं बाबांवर प्रेमच नव्हतं की काय, ही धास्ती तुमच्या पत्राच्या ओळीओळीत आहे. एसटी स्टँडवर ज्याचे पाय लटपटले त्याचं मन कोरडं नाही. जहाजावर तुम्हाला दुसरं काय करता आलं असतं? चार तास वॉच, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास वॉच. रात्रीच्या अंधारात समोरचे दिवे ओळखायचे, त्यात चूक झाली तर वीस-बावीस माणसांचा जीव. तिथे कोसळून पडायची सोय नाही, आणि कुणी पडलं तर त्याला धरायला भावकी नाही. तुमच्या मनाने बाबांचं जाणं बाजूला ठेवलं, कारण ठेवणं भाग होतं.

उट्रेख्त विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये शोकाबद्दल एक विचार मांडला. तो तुमच्या स्थितीला नेमका लागू पडतो. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शोकातला माणूस दोन बाजूंना ये-जा करत असतो. एकदा तो गेलेल्या माणसाकडे वळतो. आठवणी काढतो, रडतो, फोटो बघतो. एकदा तो पुढच्या जगण्याकडे वळतो. बँकेची कामं करतो, रेशनकार्डावरचं नाव बदलतो, नोकरीवर जातो. दोन्हीकडे जाणं गरजेचं, आणि एकाच दिवसात दहा वेळा इकडून तिकडे होणंही साहजिक. तुम्हाला तिथे एकच बाजू मोकळी होती. दुसरी आता मोकळी झाली आहे, आणि ती वेळ-काळ सांगून येत नाही. पडवीतली पाग रोज दिसते म्हणून मन तिच्यापुढे सावध राहतं. पनवेलला ते बेसावध होतं.

शिवाय घरच्यांना जे मिळालं ते तुम्हाला मिळालं नाही, हेही लक्षात घ्या. बाबांना शेवटची आंघोळ घालताना धाकट्याचा हात त्या थंड अंगाला लागला. त्याने खांदा दिला, मडकं घेऊन फिरला, कावळ्याची वाट बघत उन्हात उभा राहिला. तुमच्या भागात दहाव्याला प्रवचन ठेवतात, शेकडो माणसं मांडवात येऊन बसतात, भजनी मंडळ येतं. त्या गर्दीचा कंटाळा येतो, खर्चाबद्दल बोललं जातं, ते बोलायलाही हवं. पण एवढी माणसं आपल्या बापासाठी येऊन बसली हे डोळ्यांनी बघणं, आणि ‘तो गेला’ हे दहा दिवसांत शंभर तोंडांनी ऐकणं, यातून मृत्यू हळूहळू खरा वाटू लागतो. तुम्हाला हे सगळं कुणीतरी सांगितलेलं आहे, तुमच्या अंगावरून ते गेलेलं नाही.

पायऱ्यांचं म्हणाल तर ते डोक्यातून काढून टाका. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी 1969 मध्ये ज्या पाच अवस्था मांडल्या, त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. मरणाऱ्या माणसांशी कुणी धड बोलतही नव्हतं त्या काळात त्यांनी ते केलं, ते काम मोठंच. पण नकार, मग राग, मग सौदा, मग खिन्नता आणि शेवटी स्वीकार अशा क्रमाने कुणी माणूस चढत जात नाही. तुम्ही कुठल्याही पायरीवर नाही आणि मागेही पडलेले नाही.

तुमच्या पत्रातून मला साने गुरुजी आठवले. 1917 मध्ये त्यांची आई पालगडला गेली तेव्हा ते शिक्षणासाठी पुण्याला होते. ते घरी पोचले तोवर आई गेलेली होती. ‘श्यामची आई’ वाचून डोळे न पुसलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण, पण ते पुस्तक लिहिलं कधी गेलं हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. आई जाऊन पंधरा वर्षं उलटली होती. आईच्या शेवटच्या क्षणी आपण नव्हतो हे त्यांनी त्यात लपवलेलं नाही, आणि इतक्या वर्षांनी आता कशाला, असंही मनात आणलं नाही.

तुमच्या खाडीला तर हे दुःख चांगलंच ओळखीचं आहे. 17 जुलै 1947, आषाढी अमावास्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अमावास्येच्या सणाला घरी यायला निघालेली ही माणसं होती. कित्येकांचे देह हाती लागलेच नाहीत. त्या घरांतल्या बायकांनी पुढची कित्येक वर्षं कसल्या आशेवर काढली असतील! आणि अगदी अलीकडे, 18 डिसेंबर 2024ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीड बोट आदळली आणि पंधरा जण गेले. वाचलेल्यांतल्या अनेकांना तुमच्याच जेएनपीए बंदराच्या रुग्णालयात आणलं होतं. समुद्रावर माणूस गेला की घरच्यांना पुष्कळदा देह दिसत नाही, शेवटचा स्पर्श होत नाही. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी अशा माणसांवरच आयुष्यभर काम केलं आणि सांगितलं की शेवट न दिसलेलं दुःख सगळ्यांत अवघड जातं. आपल्या पूर्वजांनाही ते कळलं असावं. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या तीनशे साठ पानांची आकृती करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी त्यांनी सांगून ठेवला. ती पानं आहेत हे रडणाऱ्यालाही माहीत असतं. तरी निरोप द्यायला समोर काहीतरी लागतं.

तुमच्या बाबतीत उलटं झालं. देह इथे होता आणि समुद्रावर होतात तुम्ही. पण निरोप राहून गेला तो तसाच.

म्हणून पहिलं काम असं करा. भावाला घेऊन बसा आणि त्या दिवसाची हकिगत त्याच्याकडून ऐका. बाबांना त्रास केव्हा सुरू झाला, आई कुठे होती, शेवटचं पाणी कुणी दिलं, अंगावर कुठलं धोतर होतं, पाऊस होता का, ओली लाकडं पेटायला वेळ लागला का. घरच्यांनी हे तुम्हाला सविस्तर सांगितलेलं नसणार. तुम्हाला त्रास नको म्हणून ते गप्प, त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही गप्प. मग त्याच्यासोबत स्मशानात जाऊन या. जागा बघा. तुमच्या डोक्यात आत्ता जहाजाच्या केबिनमधला मोबाईल आहे, तिथे ही जागा येऊ द्या. रडू येईलच असं नाही, आलं नाही तरी चालेल.

या बोलण्याने भावाचंही भलं होईल. थोरला समुद्रावर असल्याने जे अंगावर पडलं ते त्याने निभावलं. ‘तू केलंस ते माझ्याही वतीनं केलंस’ हे वाक्य त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. एकत्र कुटुंबात एका भावाने केलेलं कार्य सगळ्या भावांचं धरतात, तेव्हा हे काही उसनं समाधान नाही.

आईचं वेगळं आहे. तिचं रडून झालंय असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही आलात तेव्हा ती उठून चुलीपाशी लागली होती. नवरा गेलेल्या बाईला वर्षभरात किती ठिकाणी बाजूला व्हावं लागतं ते बघा. हळदीला, ओटी भरायला, गौरीला तिला कुणी बोलावत नाही. हे चूक आहे आणि तुमच्या घरापुरतं तरी ते थांबवणं तुम्हा दोघा भावांच्या हातात आहे. तिच्यासमोर बाबांचं नाव घ्या. घरात गेलेल्या माणसाचं नाव निघेनासं झालं की विधवा बाई सगळ्यांत एकटी पडते.

पागेबद्दल. ती काढून टाका असं कुणी सांगेल, तर घाई करू नका. गावात पाग दुरुस्त करता येणारे बाबांच्या वयाचे कुणी काका अजून असतील. एखाद्या ओहोटीच्या दुपारी ती खाली काढून त्यांच्याजवळ बसा. वापर नसलेल्या पागेचं सूत कुजतं, कडेच्या शिशाच्या गोळ्या निसटतात. कुठले फासे बाबांनीच पूर्वी सांधले आहेत ते गाठीवरून ओळखू येईल, कारण गाठ मारायची प्रत्येकाची धाटणी वेगळी असते. काका बोलत राहतील, बाबांच्या तरुणपणच्या चार गोष्टी कळतील. पुष्कळ पुरुषांना समोरासमोर बसून दुःख बोलता येत नाही, हात कामात असले की येतं. मन घेत नसेल तर पाग आहे तिथे राहू दे.

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण तुमचा मुलूख स्वतः तसं वागत नाही, हे बघा. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात 16 आणि 17 जानेवारी 1984ला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के भूखंडांची योजना त्या लढ्यातून आली. चाळीस वर्षं होऊन गेली तरी दरवर्षी जानेवारीत माणसं जमतात, हुतात्म्यांची नावं घेतात. चिरनेरला 25 सप्टेंबर 1930च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांसाठी आजही त्या तारखेला जमतात. शेव्याच्या कोळीवाड्याचं बंदरासाठी दुसरीकडे पुनर्वसन झालं, पण तिथली म्हातारी माणसं जुन्या गावाबद्दल आजही कालच सोडून आल्यासारखं बोलतात. यांतल्या कुणाचं जगणं थांबलं नाही. शेतं गेली, कंटेनर यार्ड आले, मुलं जहाजावर गेली, अटल सेतू झाला. जगणं पुढे गेलं आणि गेलेल्यांसाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवला गेला. मृताशी असलेला धागा तोडल्याशिवाय माणूस सावरत नाही असं पाश्चात्त्य मानसशास्त्र बराच काळ मानत होतं. 1996 मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तक लिहून सांगितलं की बहुतेक माणसं तो धागा तोडत नाहीत, वेगळ्या रूपात जपतात. वर्षश्राद्धाचं आणि पितृपंधरवड्याचं पान वाढणाऱ्या आपल्या आज्यांना हे नवीन वाटलं नसतं.

एक अपराधी भावना तुमच्या पत्रात ओळींच्या मागे आहे, तिच्याबद्दल बोलायलाच हवं. मी उतरून यायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं. तुम्ही खलाशी आहात, उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. भर अटलांटिकमधून उतरता येत नाही. बंदर लागायला हवं, त्या देशात उतरायची परवानगी हवी, जागेवर रिलीव्हर हवा, कारण ठरलेल्या किमान माणसांशिवाय जहाज निघत नाही. 2020 मध्ये, कोविडच्या काळात, जगभरचे सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आईबाप गेल्याची बातमी केबिनमध्येच ऐकली. त्यांतला कुणी तुम्हाला भेटला आणि म्हणाला, मी वाईट मुलगा आहे, तर तुम्ही मान्य कराल का?

डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगतो. रडू न येणं हा आजार नाही. महिनोन्महिने आठवण येणं हाही नाही. पण झोप पार उडाली, जेवण तुटलं, दारूशिवाय रात्र निघेना, कामावर जाणं सुटलं, किंवा बाबांच्या मागे आपणही जावं असं मनात येऊ लागलं, तर मात्र वाट बघू नका. शोक असाच तीव्र राहून सहा महिन्यांनंतरही माणसाला रोजचं जगणं जमेनासं झालं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या रोगवर्गीकरणात त्याला दीर्घकालीन शोकाचा विकार मानतात, आणि त्यावर उपचार आहेत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ही मुदत वर्षभराची धरली आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जहाजावर असताना आयस्वान या संस्थेची सीफेरर-हेल्प ही सेवा खलाशांसाठी रात्रंदिवस मोफत चालते. तिचा नंबर निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवा.

राहिला जॉइनिंगचा प्रश्न. जा, पण लगेच नको. घरचा खर्च, आईची औषधं, भावाचं शिक्षण किंवा नोकरी हे सगळं मांडून बघा, आणि जमत असेल तर वर्षश्राद्ध करून निघा. एक हिशेब मात्र आत्ताच करा. वर्षश्राद्ध तिथीने येतं आणि यंदा, 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे आषाढ मागच्या वर्षीपेक्षा जवळजवळ वीस दिवस उशिरा, जुलैच्या मध्यावर सुरू होतो. गेल्या वर्षीची तारीख धरून रजा मागितलीत तर तिथी हुकेल. गुरुजींकडून दिवस नक्की करून घ्या आणि त्यानंतर जॉइन करतो असं कंपनीला आताच कळवा, कारण रोस्टर महिने आधी लागतात. बाबांना हा निरोप तुम्ही कुठल्यातरी बंदराच्या वाटेवरून न देता घरूनच द्यायचा आहे. नवीन करारावर सही करताना, आईवडील किंवा बायकोमुलांपैकी कुणी गंभीर आजारी पडलं किंवा गेलं तर घरी पाठवण्याचं कलम काय आहे, तिकिटाचा खर्च कोणाचा, हे वाचून घ्या, नसेल तर विचारा. भारताने 2015 मध्ये सागरी श्रम कराराला मान्यता दिली आहे, खलाशाला मायदेशी परत पाठवण्याचा हक्क त्यात आहे. आणि जहाजावर चढल्यावर पहिल्याच आठवड्यात चीफ मेटला किंवा जवळच्या एखाद्या सोबत्याला सांगून ठेवा की वडील जाऊन वर्ष झालंय आणि मध्येच कधी मला जड जाईल. त्यांना आधी माहीत असलं तर एखादी वॉच बदलून देता येते.